देवाचा आकडा

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, पंचांग बलिप्रतिपदा म्हणते, आणि जुन्या ग्रंथांत तिचे आणखी एक नाव आढळते : द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे घेऊन बसले आणि शंकर हरले, अशी कथा आहे. दुसऱ्या एका कथेत तर ते सर्वस्व हरून, रुसून रानात निघून गेले आणि त्यांची समजूत काढायला पार्वतीला भिल्लीण व्हावे लागले. वेरूळच्या लेण्यांत हा डाव दगडात कोरून ठेवलेला आहे. तात्पर्य, देवांनी खेळ खेळावा की नाही हा प्रश्न आपल्याकडे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला. उरतो तो उलटा प्रश्न. माणसांनी आपल्या खेळात देवांना घ्यावे का? आणि घेतलेच, तर कोणत्या मानाने?

एरवी या सदरात मी शेजारी, पाहुणे आणि पागडीच्या जागा यांच्यापलीकडे जात नाही. पण दिवाळी अंकात संपादक दोन पाने जास्त देतात. त्या आधारावर या खेपेला देवादिकांत शिरायचे धाडस करतो आहे.

धाडसाचे कारण माझी भाची. ती कॉलेजच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. दर शनिवारी संध्याकाळी तिचे चार मित्रमैत्रिणी येतात, पुढच्या खोलीत सतरंजी पसरतात, मध्ये चिवड्याचे ताट ठेवतात आणि रात्री साडेदहापर्यंत बोलत बसतात. पट नाही, पत्ते नाहीत. चार, सहा, आठ, बारा, वीस अशा पैलूंचे रंगीबेरंगी फासे आणि पेन्सिलीने भरलेले कागद, एवढेच साहित्य. एकजण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचला आहात, समोर गुहा आहे." बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र काय करते ते ज्याने त्याने सांगायचे. करणे अवघड असेल तर फासा टाकायचा, आणि फाशावरच्या दानाप्रमाणे ते साधले की फसले हे सूत्रधाराने सांगायचे. या प्रकारातला छापील स्वरूपात विकला गेलेला पहिला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली बाहेर काढला. आज त्याचे शेकडो भाऊबंद आहेत.

खेळातल्या प्रत्येक पात्राच्या कागदावर एक आकडा असतो. अंगात मार सोसण्याची ताकद किती शिल्लक आहे, तो हा आकडा. तलवारीचा घाव बसला की त्यातून वजा करायचे. शून्य झाले की पात्र आडवे. नवशिक्या योद्ध्याचा आकडा आठ-दहा असतो. अनुभवाने माणूस पायऱ्या चढतो तसा आकडा वाढतो. इथपर्यंत कोणाची काही तक्रार असण्याचे कारण नाही. बँकेच्या पासबुकात याहून वेगळे काय असते?

तक्रारीला जागा झाली ती १९७६ साली. त्या वर्षी 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' नावाची पुस्तिका निघाली. रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड हे तिचे लेखक. तिच्यात ग्रीक, इजिप्ती, नॉर्स अशा निरनिराळ्या लोकांचे देव होते, आपलेही होते आणि प्रत्येकापुढे मार सोसण्याचा आकडा छापलेला होता. नॉर्स लोकांचा देवाधिदेव ओडिन, त्याला ३००. हेतू मोठा गमतीदार होता. त्या काळी काही घरांत सूत्रधार इतके उदार झाले होते, की पोरांची पात्रे चाळीस-चाळीस पायऱ्या चढून बसली होती. अशांना लाज वाटावी म्हणून पुस्तिकेच्या प्रस्तावनेत ओडिनचा आकडा पुढे केला होता : सगळ्या देवांचा बाप तो केवढा, आणि तुमचा हा वीर केवढा!

लाज कोणाला वाटली नाही. त्या वेळचे जुने खेळाडू सांगतात, की पोरांनी ती पुस्तिका शिकारीची यादी म्हणून वापरली. आकडा दिसला की तो शून्यावर आणायचा, हाच तर खेळाचा शिरस्ता! १९८० साली हीच सामग्री वाढवून 'डिइटीज अँड डेमीगॉड्स' हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात झ्यूसला ४०० आकडा मिळाला आणि आपल्याकडचे इंद्र, अग्नी, वरुण, सूर्य, यम, विष्णू, लक्ष्मी हे सगळे रांगेने येऊन बसले. त्यांचे आकडे मी येथे देत नाही. हा अंक आमच्या घरी आई वाचते. पुढे अमेरिकेतच काही धार्मिक मंडळींनी या खेळावर गहजब केला, आणि १९८५ साली ग्रंथाचे नाव बदलून 'लेजेंड्स अँड लोअर' असे सोवळे नाव ठेवण्यात आले. नाव बदलले, आत आकडे होतेच.

भाचीने या ग्रंथाचे एक पान कोठूनसे मिळवले आणि आजीला कौतुकाने दाखवले. आईने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचून घेतले आणि विचारले,

"म्हणजे याला इतका मार बसला की हा मरतो?"

"मरत नाही गं आजी. इथलं रूप संपतं, आणि तो आपल्या लोकात परत जातो."

"मग एवढा हिशोब कशाला लिहून ठेवलाय? मारायचाच ना?"

भाचीला उत्तर सुचले नाही. मला वाटले, आता देवांची थट्टा म्हणून शनिवारची बैठक बंद होणार. पण आईचे म्हणणे वेगळेच होते. ती सावंतवाडीकडची. दशावतार बघत लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, "खेळात देव आला म्हणून काय बिघडत नाही. आमच्या जत्रेत गणपती व्हायचा तो माणूस एरवी आमच्या वाडीत नारळ पाडायचा. रात्री त्याच्या पाया पडायचो आणि सकाळी त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करायचो. पण रात्री पाया पडताना ती मजुरी कोणाच्या मनात नसायची."

आईच्या या बोलण्यावर मी बराच विचार केला. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, हे अनेकांना ठाऊक नाही. कथानक काय ते आधी ठरते. संवाद नट जागच्या जागी रचतात. समोरच्या राक्षसाने वाकडा प्रश्न टाकला तर विष्णूला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, आणि पहाटेपर्यंत बसलेले गाव त्या उत्तरावर माना डोलावते. विस्कॉन्सिनला जे १९७४ साली सुचले, त्यातले अर्धे आमच्या कोकणात देवळापुढच्या अंगणात आधीपासून चालत आले आहे. त्याच सावंतवाडीचा गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. दिवसा डाव मांडला तर पहिली उतारी रामाची आणि रात्री मांडला तर कृष्णाची. केवढी ही सोय! मत्स्य, कूर्म, वराह हाताच्या पंजात धरून भल्याभल्यांनी दुपारी घालवल्या आणि कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कारण पानावर राम असला तरी डावात जिंकत किंवा हरत असे तो गंपूकाका. रामाला कोणी मारत नसे.

तेव्हा देव खेळात येण्याला आपल्या परंपरेची हरकत दिसत नाही. हरकत आहे ती आकड्याला. आणि तीही केवळ सोवळेपणाने नव्हे. खेळ म्हणून, कथा म्हणून.

पाहा, आकड्याने दोन संकटे उभी राहतात. आकडा लहान ठेवला तर देव म्हणजे एक मोठा राक्षस होतो, फक्त दागिने जास्त. आकडा अफाट ठेवला तर खेळाडूंना कामच उरत नाही. जो सर्व काही करू शकतो तो बाजूला उभा असताना चार पोरांनी तलवारी परजून करायचे काय? "देवा, तूच काय ते बघ" म्हणून घरी जायचे. हे संकट खेळ रचणाऱ्यांनाही जाणवले असावे. १९८९ साली 'फर्गॉटन रेल्म्स' या त्यांच्या काल्पनिक जगात एक प्रचंड उलथापालथ घडवण्यात आली. देवांच्याही वरच्या एका शक्तीने सगळ्या देवांना स्वर्गातून हुसकून पृथ्वीवर फेकले, आणि त्यांना माणसांसारखे मर्त्य होऊन हिंडावे लागले. ही हकीगत ज्या तीन कादंबऱ्यांत आली, त्या मालिकेचे नाव काय असेल? 'अवतार'! शब्द आपलाच नेला. पण नेताना त्यातले मर्म वाटेत सांडले. त्यांचे देव शिक्षा म्हणून खाली आले. आपले आले ते दिलेल्या शब्दाने बांधलेले म्हणून.

माझ्या मते सगळी किल्ली या बांधले जाण्यात आहे.

उद्योगपर्वातला तो प्रसंग आठवा. अर्जुन आणि दुर्योधन दोघेही कृष्णाकडे मदत मागायला जातात. कृष्ण दोन वाटे समोर ठेवतो. एकीकडे आपली नारायणी सेना. दुसरीकडे आपण एकटे, तेही हाती शस्त्र न धरता. कोणताही सूत्रधार याहून चांगली निवड खेळाडूपुढे ठेवू शकणार नाही. अर्जुनाने नि:शस्त्र कृष्ण घेतला. दुर्योधन खूश होऊन सेना घेऊन गेला. त्याची चूक कोणती? त्याने आकडा पाहिला. देवाचा आकडा एक, सेनेचा कोट्यवधी; हिशोब चोख होता. आणि कृष्णाची बाजू पाहा. तो सर्वशक्तिमान असूनही कथा मोडत नाही, कारण त्याने आपले हात आपणच बांधून घेतले आहेत. लढायचे आहे ते अर्जुनाने. रथाखाली उतरून भीष्मावर चाक घेऊन धावून जाण्याचा प्रसंग आला तेव्हा वाचकाच्या छातीत धडधडते ते भीष्माच्या काळजीने नव्हे. देवाचा शब्द मोडतो की काय, या काळजीने!

वराचेही तसेच. हिरण्यकशिपू म्हणजे नियमांचे पुस्तक तोंडपाठ असलेला खेळाडू. प्रत्येक टोळीत असा एक असतोच. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही! या सगळ्या अटी ब्रह्मदेवाने मान्य केल्या, आणि विष्णूने त्यातली एकही न मोडता तिन्हीसांजेला उंबरठ्यावर काम उरकले. रावणाने देव, दानव, यक्ष यांच्यापासून अभय मागितले. माणूस त्याला मागण्याच्या लायकीचा वाटला नाही. म्हणून देवाला माणूस होऊन यावे लागले, आणि माणूस म्हणून वनवास, विरह, सगळे भोगावे लागले. नियम देवालाही लागू होतो, तेव्हाच गोष्टीला धार येते.

आणि बळीची कथा तर पाडव्याचीच. तिसऱ्या पावलाला जागा उरली नाही तेव्हा बळीने आपले मस्तक पुढे केले. वामनाने त्याला सुतलात पाठवले, हे सगळे सांगतात. पुढचे फार थोडे सांगतात. जिंकलेला विष्णू त्या हरलेल्या राजाच्या दारात द्वारपाल म्हणून उभा राहिला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरले तो हाच, असे आपण मानतो. मार सोसण्याचा आकडा ४०० असलेला झ्यूस कोणाच्या घरी पाणी भरील असे मला वाटत नाही.

हे सगळे मी भाचीला सांगितले. मामांची व्याख्याने ऐकण्याची तिला सवय आहे. ती म्हणाली, "मामा, पटतंय. पण आमच्यातला एकजण यमाशी लढणार म्हणतोय. त्याला काय सांगू?"

हा एकजण म्हणजे टोळीतला सर्वांत अबोल मुलगा. उन्हाळ्यात त्याचे आजोबा गेले होते. हा परगावी परीक्षेला होता. पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. खेळात त्याचे पात्र गेले दोन महिने एकच ध्यास घेऊन चालले होते : दक्षिणेकडे जायचे, यमाला गाठायचे आणि त्याला पाडायचे. का, ते त्याने कोणाला सांगितले नव्हते. सांगण्याची गरजही नव्हती.

पितृपंधरवड्यातल्या शनिवारी ती गाठ पडली. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो आणि आई गव्हले वळत होती. दोघांचेही काम पुढे सरकत नव्हते.

मुलगा म्हणाला, "त्याचा आकडा सांग."

भाची म्हणाली, "याला आकडा नाही."

"मग मी फासा कशावर टाकू?"

"टाकू नकोस. चार पावलं चाल माझ्याबरोबर."

सावित्रीने हेच केले होते. तिने यमावर शस्त्र उगारले नाही. ती त्याच्यामागून चालत राहिली आणि म्हणाली, की सात पावले बरोबर चाललेल्यांची मैत्री होते. यमाला ते मान्य करावे लागले. तो धर्मराज, न्यायाला बांधलेला. भाचीचा यमही चालला. वाटेत त्याने वर माग म्हटले. गेलेल्याचा प्राण सोडून काहीही. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,

"त्यांनी शेवटी काय म्हटलं? मी पोचलो नव्हतो."

आत आईचे हात थांबले. पुढच्या खोलीत कोणी चिवड्याला हात लावीना. मला वाटले, आता ही पोरगी काय सांगणार? एखादे गोड वाक्य रचणे तिला काही जड नव्हते. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"ते सांगायचा मला अधिकार नाही. आणि मी त्यांना नुसता न्यायला आलो होतो. माझी त्यांची ओळख झाली नाही. ती तू करून दे."

मग तो मुलगा बोलू लागला. आजोबा सुपारी कातरता कातरता शब्दकोडे सोडवत आणि अडले की नातवालाच रागे भरत. सायकलला दर रविवारी तेल घालत. सायकल चालवणे सोडून दहा वर्षे झाली तरी घालत. असे पंधरा-वीस मिनिटे. फासे मध्ये तसेच पडून होते. त्याचे संपले तेव्हा यमाने एवढेच विचारले, की परत जायची वाट ठाऊक आहे ना? मुलगा "हो" म्हणाला. आई उठली आणि चहाचे आधण ठेवायला गेली.

मुले गेल्यावर मी भाचीला विचारले, की एक वाक्य सांगून टाकले असतेस तर काय झाले असते? त्याला बरे वाटले असते.

"वाटलं असतं, मामा. पण मग ते देवानं सांगितलं असं झालं असतं. आणि मी देव नाही ना."

त्या ४०० आकड्याच्या ग्रंथात नसलेली गोष्ट ती हीच. खेळात देव आणायचा म्हणजे कोणीतरी माणसाने त्याच्या तोंडाने बोलायचे. राक्षसाच्या तोंडाने काहीही बोलावे; राक्षसाचे कोणी मनावर घेत नाही. देवाच्या तोंडून निघालेला शब्द ऐकणारा घरी घेऊन जातो. म्हणून देवाला जशी बंधने हवीत तशी त्याची भूमिका करणारालाही हवीत. किंबहुना ती एकच.

ज्या घरांत असे फासे शिरले आहेत किंवा या दिवाळीच्या सुट्टीत शिरणार आहेत, तेथल्या वडीलधाऱ्यांनी मुलांवर डोळे वटारण्यापूर्वी चार गोष्टी त्यांच्या कानावर घालाव्यात. देवाला मार सोसण्याचा आकडा देऊ नका. त्याऐवजी त्याने कोणता शब्द दिला आहे ते लिहा. मुख्य पराक्रम माणसांसाठी ठेवा. देवाला सारथी करा, द्वारपाल करा, पाणक्या करा. ज्या देवाची पूजा सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी होते, त्याला आणण्यापूर्वी त्याला किंवा तिला विचारा. ओडिनच्या देवळापुढे आज आपल्या गल्लीत रांग लागत नाही, लक्ष्मीच्या लागते. आणि परदेशी खेळांत व सिनेमांत कालीमातेची सरसकट राक्षसीण करतात, तसे कोणाच्याही देवाचे करू नका, मग तो देव आपला असो की दुसऱ्याचा. आपल्याला झोंबते ते दुसऱ्यालाही झोंबते.

एवढे सांभाळले तर देव खेळायला नाही म्हणणार नाहीत. शंकर तर सर्वस्व हरायलाही तयार असतात. आमच्याकडे यंदा पाडव्याच्या संध्याकाळी, ओवाळणी आटोपल्यावर, बैठक ठरली आहे. कथा बळीची आहे आणि बळीच्या दारातला द्वारपाल कोण, हे कोणत्याच पात्राला ठाऊक नसणार. ते काम आईने मागून घेतले आहे. आकडा किती ठेवू, असे भाचीने तिला मुद्दाम विचारले, तेव्हा ती म्हणाली, "द्वारपालाला आकडा कशाला? काठी दे."

इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो.